हाळीवरचा प्रबंध

उद्घाटन वाचनालयाचं होतं आणि अपमान मात्र गोरक्षनाथ धनवटे वकिलांचा झाला. व्यासपीठावर मोजक्याच खुर्च्या होत्या. त्यातल्या एकीवर वकीलसाहेब टेकणार, तोच काकासाहेब मुळे वकिलांनी त्यांच्या कोपराला धरून त्यांना मोठ्या प्रेमाने बाजूला घेतलं आणि त्या खुर्चीवर नुकतं मिसरूड फुटलेल्या एका तरुणाला बसवलं. तो तरुण म्हणे कायद्यातला डॉक्टर होता. कोपरगावच्या कोर्टात ज्यांच्या आवाजाने खिडकीतली कबुतरं उडत, ते धनवटे वकील त्या दिवशी लाउडस्पीकरवाल्याच्या पेटीशेजारी बाकड्यावर बसले आणि हार घालायची वेळ आली तेव्हा त्यांच्या वाट्याला गुलाबाचं एक फूल आलं, तेही देठ मोडलेलं.

घरी येऊन त्यांनी कोट खुंटीला अडकवला नाही, फेकला. "मी पीएच.डी. करणार," ते म्हणाले.

"करा," पुष्पावतीबाई म्हणाल्या. "आधी हातपाय धुवा."

कायद्यात डॉक्टर व्हायला काय लागतं? धनवटे वकिलांना वाटलं होतं, डोकं लागतं. डोकं होतं, एलएल.एम. झालेलं होतं, अंगात धमक होती आणि राग तर इतका होता की त्यावर तीन प्रबंध शिजले असते. पण विद्यापीठाच्या नियमांच्या पुस्तकात डोक्याचा उल्लेख कुठेच नव्हता. अर्ज हवा, मार्गदर्शक हवा, मान्यताप्राप्त केंद्र हवं, विषयाचा आराखडा हवा, आणि या सगळ्याच्या आधी नोकरीच्या मालकाचं ना-हरकत प्रमाणपत्र हवं.

"नोकरी कुठे करता?" खिडकीमागच्या कारकुनाने विचारलं.

"मी वकील आहे."

"मालक कोण?"

"माझा मालक मीच."

"मग मालकाचं प्रमाणपत्र आणा."

धनवटे वकिलांनी तिथेच खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवला आणि 'श्री. गोरक्षनाथ धनवटे यांनी पीएच.डी. करण्यास माझी हरकत नाही' असं लिहून खाली सही ठोकली. कारकुनाने कागद डोळ्यांजवळ धरला.

"अर्जदाराची आणि मालकाची सही एकच दिसते."

"एकच असणार! माणूस एकच आहे!"

"मग चालणार नाही साहेब. त्यात पक्षपात होतो."

या वाक्यावर कायद्याच्या कुठल्याही ग्रंथात उत्तर नाही. शेवटी तडजोड निघाली, की वकील संघाच्या अध्यक्षांचं पत्र चालेल. वकील संघाचे अध्यक्ष कोण, तर काकासाहेब मुळे. काकासाहेबांनी आठवडाभर आज-उद्या केलं, दोनदा चहा पाजला आणि मग पत्र दिलं. त्यात लिहिलं होतं: 'श्री. धनवटे हे कितीही काळ गैरहजर राहिले तरी येथील न्यायदानाच्या कामात कसलाही अडथळा येणार नाही.' हे पत्र वकिलांनी विद्यापीठापर्यंत कसं नेलं ते त्यांचं त्यांनाच माहीत. गाडीत ते दर स्टेशनला काढून वाचत आणि दर स्टेशनला नव्याने संतापत.

मार्गदर्शक मिळाले ते डॉ. राजोपाध्ये. त्यांच्याकडे जागा नव्हती, पण एका विद्यार्थिनीचं लग्न ठरलं आणि ती संशोधन सोडून गेली. तिच्या लग्नाला धनवटे वकिलांनी न बोलावता आहेर पाठवला. राजोपाध्येसर शांत गृहस्थ. वकिलांनी सुचवलेला प्रत्येक विषय त्यांनी शांतपणे मोडीत काढला. हा झालाय, तो झालाय, हा दोनदा झालाय. वकील चिडून म्हणाले, "मग काय आमच्या सासुरवाडीच्या विहिरीवर लिहू?"

"काय आहे त्या विहिरीचं?" सरांनी विचारलं.

वकिलांनी सांगितलं. पुणतांब्याला पुष्पावतीबाईंचं माहेर. तिथे तीन भाऊबंदांच्या घरांची मिळून एक विहीर होती. एक घर पुष्पावतीबाईंचा भाऊ राधाकृष्ण याचं, दुसरं चुलते आसारामआबांचं, तिसरं विधवा चुलती रंगुबाईंचं. पाणी पाळीने घ्यायचं, ते तर सगळीकडेच असतं. पण या विहिरीवर पाणी कुणी मागायचं नाही अशी रीत होती. ज्याचं भिजवून झालं त्याने स्वतःहून बांधावर उभं राहून पुढच्याला हाळी द्यायची, "या वो, पानी घ्या!" हाळी आली की जायचं. मागायला जाणं कमीपणाचं आणि हाळी न देणं हे तर कुणाच्या कधी मनातसुद्धा आलेलं नव्हतं. एखाद्या घरात लग्न असलं, बाळंतीण असली, तर पाळी कुणाचीही असो, हाळी त्या घराला जायची. मोटेच्या जागी तेलाचं इंजिन आलं, तरी हाळी तीच राहिली.

राजोपाध्येसर खुर्चीत सरळ बसले. "धनवटे, हे सोनं आहे," ते म्हणाले. "जिवंत रूढी! पण कायद्याने रूढी मानायची तर ती प्राचीन हवी, अखंड हवी, वाजवी हवी आणि निश्चित हवी. निश्चित कुठे आहे? लेखी काय आहे?"

"लेखी काहीच नाही."

"मग करा."

इथे खरा घोळ झाला. वकिलांनी प्रश्नावली तयार केली. पहिली हाळी कोणत्या घरास? हाळी किती अंतरावरून ऐकू यावी? आजारपणात हाळीचा अधिकार कोणाकडे? आणि सगळ्यात शेवटचा, राजोपाध्येसरांनी आग्रहाने घालायला लावलेला प्रश्न: हाळी न दिल्यास उपाय काय? कारण ज्या हक्काला उपाय नाही तो हक्कच नव्हे, असं कायदा मानतो.

वकील आपला कारकून छगन याला घेऊन पुणतांब्याला गेले. तिन्ही घरांत जावयाला शोभेल असं जेवण झालं. पहिले प्रश्न हसण्याखिदळण्यात पार पडले. रंगुबाई म्हणाल्या, "आमची हाळी पार गोदावरीच्या पलीकडं जायाची. आता घसा बसलाय." शेवटचा प्रश्न आला तसे आसारामआबा थांबले. त्यांनी पानाला चुना लावायचा हात तसाच धरला.

"न्हाई दिली तर?" ते म्हणाले.

"हां. नाही दिली तर पुढचा माणूस काय करू शकतो?"

"आसं कुनी केलंच न्हाई."

"पण समजा केलं तर?"

आबांनी पान खाली ठेवलं. "काय करील?" ते हळूच म्हणाले. "काईच न्हाई करू शकत की वो त्यो, जावईबापू." आणि सत्तरी गाठलेल्या त्या माणसाच्या तोंडावर असा काही भाव आला, की जणू आपल्याच घरात एक खोली आहे आणि ती आपण कधी उघडून पाहिली नाही.

छगनने सगळ्यांची उत्तरं लिहून घेतली. वकिलांनी त्याला फक्त 'व्यवस्थित टाइप कर' एवढंच सांगितलं होतं. छगनचं आयुष्य प्रतिज्ञापत्रं टाइप करण्यात गेलेलं. त्याने ती उत्तरं स्टॅम्पपेपरवर टाइप केली, 'सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो की' अशी सुरुवात केली, प्रत्येकाचा अंगठा घेतला आणि प्रत्येकाला एकेक प्रत घरी ठेवायला दिली. पहिली हाळी कोणत्या घरास, याचं उत्तर तिघांनीही 'माझ्या' असं दिलेलं होतं. तोंडी होतं तोवर त्याला काही अर्थ नव्हता. स्टॅम्पवर आलं तेव्हा आला.

"गाढवा, स्टॅम्पपेपर कुणी सांगितला होता?" वकील ओरडले.

"साहेब, अंगठा म्हणजे स्टॅम्प नको का?" छगन म्हणाला. त्याच्या दृष्टीने साध्या कागदावर अंगठा घेणं हा गुन्हा होता आणि त्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं.

प्रबंधाचं काम दणक्यात चाललं. दर सहा महिन्यांनी प्रगतीचा अहवाल द्यायचा, तो वकील देत होते. दर वेळी कारकून त्यात एक त्रुटी काढत होता. शेजारच्या गोजरबाई कुंपणावरून पुष्पावतीबाईंना विचारत, "यंदा तरी पास झाले का हो भाऊसाहेब?" आणि वकील आत बसून पुस्तक आपटत. शिवाय प्रत्येक गोष्टीत सल्ला द्यायला काकासाहेब होतेच. "गोरक्षनाथ, एवढं कशाला झिजता? आपल्या वयाला आता काय करायचंय?" काकासाहेब त्यांच्याहून वयाने मोठे होते, ही गोष्ट इथे नोंदवून ठेवलेली बरी.

मग बहात्तर साल आलं. पाऊस आलाच नाही. पुणतांब्याच्या विहिरीत पाणी तळाला गेलं, खडक दिसायला लागला. पूर्वी असं झालं की हाळी आणखी लवकर यायची, थोडं थोडं सगळे घ्यायचे. यंदा एके दिवशी आसारामआबांचं भिजवून झालं, इंजिन बंद झालं आणि आबा बांधावर उभे राहिले. पलीकडे राधाकृष्ण खोऱ्यावर हात टेकून वाट बघत होता. आबांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, धोतर झटकलं आणि हाळी न देता घरी निघून गेले. बघू तरी काय हुतंय, एवढंच त्यांच्या मनात होतं. तसं त्यांनी पुढे कोर्टात कबूलही केलं.

काय झालं? राधाकृष्णने आयुष्यात पहिल्यांदा पाणी मागितलं, आणि मागावं लागलं म्हणून शिव्याही दिल्या. दुसऱ्या पाळीला त्यानेही हाळी दिली नाही. रंगुबाईंचा ऊस उभा वाळला. तिघांच्याही पेटीत धनवटे वकिलांच्या छगनने दिलेला स्टॅम्प होता. तिघंही तो घेऊन कोपरगावला आले. धनवटे वकील जावई, त्यांना कुणा एकाचं वकीलपत्र घेता येईना. राधाकृष्ण काकासाहेब मुळ्यांकडे गेला. काकासाहेबांनी दावा दाखल केला आणि वकील कक्षात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "गोरक्षनाथांनी पुरावा फार सुंदर गोळा केलाय. आयता."

धनवटे वकील पेटले. ते आसारामआबांवर चिडले, राधाकृष्णवर चिडले, काकासाहेबांवर तर चिडलेच. राजोपाध्येसरांवर चिडले, की हा प्रश्न घालायला तुम्हीच लावलात. सर शांतपणे म्हणाले, "धनवटे, उत्तर मात्र उत्कृष्ट मिळालं." छगनवर ते रोज चिडत. ज्याच्यावर चिडावं असं जिल्ह्यात कुणी उरलं नाही.

घरी पुष्पावतीबाई चिडल्या नाहीत. त्यांनी दिवाळीला माहेरी जाणं बंद केलं. पूर्वी त्या गेल्या की तिन्ही घरी एकेक दिवस जेवत. आता कुणाच्या दारात आधी पाऊल टाकायचं? ज्याच्याकडे आधी जाल त्याच्या बाजूने झालात असं बाकीचे दोघं धरणार. भाऊबिजेच्या दिवशी त्यांनी ताट केलं, ओवाळायला कुणी नव्हतं म्हणून चंद्राला ओवाळलं आणि वकिलांपुढे भात वाढताना पळी अशी आपटली की वकील दचकले.

प्रबंध लिहून झाला. आता प्रती. बांधणीच्या बाजूचा समास कारकुनाने पट्टी लावून मोजला आणि बोटभर कमी निघाला म्हणून सगळ्या प्रती परत आल्या. पुन्हा टाइप. पुठ्ठ्याचा रंग काळा चालत नाही, गडद निळा हवा. पुन्हा बांधणी. मग एक घोषणापत्र: 'प्रबंधाचा विषय कोणत्याही न्यायालयात प्रलंबित नाही.' नोंदणीच्या वेळी वकिलांनी ते दिलं होतं तेव्हा ते खरं होतं. आता पुन्हा द्यायचं होतं. दावा निकाली निघेपर्यंत थांबायचं तर नोंदणीची मुदत संपत होती, आणि दिवाणी दावा कधी संपतो हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? त्यांनी लेखणी हातात धरली, मनातल्या मनात सगळ्या जगाला एक शिवी दिली आणि सही केली. साक्षीदारांना खोटं बोलल्याबद्दल भर कोर्टात सोलून काढणारा हा माणूस, पण त्या दिवशी त्याचा हात जराही कापला नाही. कापायला हवा होता.

प्रबंध मान्य झाला. राहिली ती खुली तोंडी परीक्षा. नियमात लिहिलं होतं की तिची सूचना सर्व संबंधितांस द्यावी. विद्यापीठाने ती फळ्यावर लावली. पण इकडे छगनने ती वाचली आणि त्याला वाटलं, संबंधित म्हणजे कोण ते तर उघड आहे. त्याने आसारामआबा, राधाकृष्ण आणि रंगुबाई यांना रजिस्टर पोस्टाने नोटिसा पाठवल्या आणि सवयीने खाली टाइप केलं: 'गैरहजर राहिल्यास एकतर्फी निकाल देण्यात येईल.'

परीक्षेच्या दिवशी धनवटे वकील नव्या कोटात उभे होते. समोर राजोपाध्येसर आणि बाहेरगावचे एक जाड चष्म्याचे परीक्षक. मागे चारदोन विद्यार्थी. बोलणं रंगात आलं होतं, तेवढ्यात दार उघडलं आणि आसारामआबा फेटा सावरत आत आले. मागोमाग राधाकृष्ण, त्याच्या मागे डोक्यावर पदर घेतलेल्या रंगुबाई. तिघंही एकमेकांना न ओळखल्यासारखे तीन कोपऱ्यांत बसले. घोषणापत्रावरची सही वकिलांना डोळ्यांसमोर दिसायला लागली.

"ही मंडळी कोण?" परीक्षकांनी विचारलं.

"माझे... माहितीदार," वकील कसेबसे म्हणाले.

"वा! म्हणजे त्या विहिरीचे मालक?" परीक्षक खूष झाले. "मग पुस्तकातलं कशाला? यांनाच विचारू. उठा आजोबा."

आसारामआबा हात जोडून उभे राहिले. "शपत कुटं घ्यायची?"

"शपथ नको. हे कोर्ट नाही."

शपथ नाही म्हटल्यावर आबांना जरा बरं वाटलेलं दिसलं.

"मला एवढंच सांगा," परीक्षक म्हणाले, "ही हाळीची रीत आजही चालू आहे का? कारण आज चालू नसेल तर हा सगळा प्रबंध जिवंत रूढीवरचा म्हणता येणार नाही. यांना पदवी द्यायची की नाही ते त्यावर आहे."

सगळं ठाऊक असलेले राजोपाध्येसर शांतपणे प्रबंधाची पानं चाळायला लागले. आबांनी जावयाकडे पाहिलं. कोपरगावचा सिंह कोटाचं बटण पिरगाळत खाली बघत होता.

"चालू हाय की," आबा म्हणाले. "न चालायला काय झालं?"

"दुष्काळात भांडणं नाही झाली?"

"भांडनं?" राधाकृष्ण कोपऱ्यातून उठला. "आमच्यात? साहेब, आबा आमाला पान्याला बोलावल्याबिगर न्याहारी करत न्हाईत."

"परवाच ऐकली मी हाळी," रंगुबाई म्हणाल्या. "आबांचा आवाज लई लांब जातो."

परीक्षकांनी चष्मा काढून पुसला. अशी रूढी आणि अशी माणसं आपण आयुष्यात पाहिली नाहीत, असं ते म्हणाले. मग त्यांनी उठून धनवटे वकिलांचा हात हातात घेतला. "अभिनंदन, डॉक्टर धनवटे!"

बाहेर व्हरांड्यात आल्याबरोबर डॉक्टर धनवट्यांनी पहिली गोष्ट काय केली असेल, तर ते ओरडले. "तुम्हाला कुणी बोलावलं होतं इथे?"

"नोटिशीनं," रंगुबाई म्हणाल्या. त्यांनी पदराखालून ती काढून दाखवली. मग पदर नीट केला आणि त्या बोलल्या. आवाज चढवला नाही. "चार मानसांत जावयाची मान खाली जायला लागली, म्हनून खोटं बोललो. आमचं आमी कोर्टात बगू. पन एक सांगा जावईबापू. आमी तुमची राखली. तुमी आमचं काय राखलंत?"

डॉक्टर धनवट्यांनी ती नोटीस त्यांच्या हातून घेतली, तिची घडी घातली आणि कोटाच्या खिशात ठेवली. आबा आणि राधाकृष्ण तोवर दोन वेगवेगळ्या बाजूंना विडी ओढायला निघून गेले होते. परतीच्या गाडीतही एका डब्यात तिघं तीन खिडक्यांना बसले आणि डॉक्टर मध्ये. सकाळी पुणतांबं आलं तेव्हा तिघं एकामागून एक उतरले आणि फाटकाकडे न बोलता चालू लागले. डॉक्टरांनी खिडकीतून हाक मारायला हात वर केला, पण कुणाचं नाव आधी घ्यावं हे त्यांना सुचेना, आणि तेवढ्यात गाडी हलली.

कोपरगावला घरी पोचले तर पुष्पावतीबाई ओट्यावर उभ्या होत्या.

"मिळाली?"

"मिळाली."

"आमची माणसं आली असतील तिथे. नोटिसा पाठवल्याचं छगन सांगून गेला. बोलली एकमेकांशी?"

"एकमेकांशी नाही. पण तिघंही एकच बोलले." वकिलांनी चपला काढल्या आणि भिंतीकडे बघत सगळं सांगितलं. हाळी चालू आहे म्हणाले, भांडण नाही म्हणाले, सगळं.

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"मी गप्प बसलो."

"जन्मात एकदा गप्प बसलात," पुष्पावतीबाई म्हणाल्या, "तेही नको तिथे." त्यांचे डोळे भरले होते आणि त्या भयंकर संतापल्या होत्या. या दोन वर्षांचा सगळा संताप आता कुठे बाहेर येत होता. "माझ्या आबांनी या वयात तुमच्यासाठी खोटं सांगितलं. आता जा आणि ते खरं करून या. तिघांचे पाय धरा, नाहीतर विहिरीवर जाऊन बसा, मला माहीत नाही. तोवर या घरात तुम्हाला कुणी डॉक्टर म्हणायचं नाही आणि मीही माहेरचं नाव काढणार नाही."

वकिलांना राग आला. इतकी वर्षं घासून पदवी आणली, घोटभर पाणी नाही, गुळाचा खडा नाही. त्यांनी युक्तिवादासाठी छाती भरून श्वास घेतला. चुलत्या-पुतण्यांच्या वादात जावयाला पडता येतं का, दावा चालू असताना तिऱ्हाइताने पक्षकारांना भेटावं का, असे चांगले मुद्दे होते. बायकोच्या तोंडाकडे पाहिलं आणि तो श्वास तसाच सोडून दिला. काढलेल्या चपला त्यांनी पुन्हा पायात घातल्या.

"जेवून जाऊ का?" त्यांनी विचारलं.

"तिकडे वाढतील," पुष्पावतीबाई म्हणाल्या. "वाढलं तर."